परत आलेली वाकळ

"मला एका गिऱ्हाइकाचा पत्ता पाहिजे," तो माणूस खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला.

दैवशाला बिराजदारनं हातातली फाईल मिटली. उमरग्यात, हैदराबाद रस्त्याला लागून, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची दोन टेबलांची कचेरी होती. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. ती नोकरी सोडल्यावर तिनं स्वतःचा तपासाचा धंदा सुरू केला. हरवलेली माणसं, पळालेले भागीदार, सोयरिकीआधीची चौकशी. तिचा दीर शंभू गाडी चालवायचा, टिपणं काढायचा आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

"बसा. नाव?"

"कृष्णराज. भूमकडचा. शेती आहे, आणि आठ महिन्यांपासून ऑनलाइन वाकळी विकतो."

चाळिशीच्या आतला, पांढऱ्या कडक शर्टातला माणूस. बोलणं मऊ. त्यानं एक प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीवरची पत्त्याची चिठ्ठी नखानं खरवडल्यासारखी अर्धी निघालेली होती.

"गिऱ्हाईक म्हणजे देव, असं म्हणतात ना मॅडम? या देवीनं माझं जिणं हराम केलंय. शिवांजली नाव लावते. माल मागवते, महिनाभर वापरते, मग फाडून परत पाठवते. पैसे परत घेते. वर घाणेरड्या तक्रारी. आता फोन बंद करून बसली आहे."

शंभूनं खुर्ची पुढं ओढली. विषय त्याच्या जिव्हाळ्याचा होता.

"मला विचारा साहेब! म्या करडीचं तेल विकून बघितलं ऑनलाइन. घाण्याचं, अस्सल. एकानं लिहिलं, 'तेलाला करडीचा वास येतो, पैसे परत करा.' आता करडीच्या तेलाला काय मोगऱ्याचा वास येणार? दुसऱ्यानं तर बाटल्या रिकाम्या करून त्यात पाणी भरून परत धाडल्या. हात जोडले आन् बंद केलं."

"तुम्हाला कळतंय माझं दुखणं," कृष्णराज म्हणाला. त्यानं खिशातून घडी केलेले रंगीत कागद काढले. "हे बघा. आमच्या फोनवरच्या गप्पा. छापून आणल्यात."

दैवशालानं कागद सरळ केले. वरची, नाव येते ती पट्टी कापलेली होती. खाली उजव्या बाजूच्या हिरव्या चौकटींत तक्रारी होत्या, प्रत्येक तक्रारीच्या शेवटी दोन निळ्या खुणा. डाव्या बाजूच्या पांढऱ्या चौकटींत शांत, थोडक्यात उत्तरं.

शंभू मोठ्यानं वाचू लागला.

"'टाके सरळ नाहीत. पैसे परत करा.' ...'वाकळ हातानं शिवलेली असते, टाका कमीजास्त होतो. पसंत नसेल तर परत पाठवा.' ...'कुणी शिवली? शिवणाऱ्या बाईचा व्हिडिओ पाठवा.' ...'तसा व्हिडिओ देता येणार नाही. हातांचा फोटो पाठवला आहे.' ...'हात नकोत. तोंड दिसलं पाहिजे.'"

तो थांबला. "ह्ये काय गिऱ्हाईक हाय?"

"पुढं वाचा," कृष्णराज म्हणाला.

"'फोटोत मागं कडुनिंब दिसतो. गाव कोणतं?' ...'उत्तर का नाही? सगळीकडं बदनामी करीन.' ...'किती दिवस लपणार?'"

हे शेवटचं वाक्य हिरव्या चौकटीत एकटंच होतं. त्याला उत्तर नव्हतं.

खालच्या दवाखान्यात कुणाचं तरी पोर रडत होतं. दैवशालानं पिशवीतली वाकळ बाहेर काढली. जुन्या नऊवारींची, हातशिलाईची, जाड. चारही कोपऱ्यांवर कापडाचे त्रिकोण, एकात एक बसवलेले. त्यातला सगळ्यात आतला मात्र उलटा. वाकळीच्या घड्या कडक होत्या. घडीच्या मधोमध धारदार काप गेला होता. तिनं ती उलगडली, तसा सुकलेला पाला टेबलावर सांडला. काही पानं मधूनच सरळ रेषेत कापली गेली होती.

"बघा," कृष्णराज म्हणाला, "वर कचरा भरून पाठवलाय."

दैवशालानं एक पान बोटांत चुरडून हुंगलं.

"तुम्हाला पत्ता कशाला पाहिजे? माल तर तुम्हीच पाठवता."

"तेरच्या एका कुरियरच्या दुकानाचा पत्ता आहे फक्त. घरचा कुठंच नाही. दुकानदार तोंड उघडत नाही. मला वकिलाची नोटीस द्यायची आहे, बास."

"तेर काही मुंबई नाही. तुम्ही स्वतः गेलात तर संध्याकाळपर्यंत सापडेल."

"मी नको. मला बघितलं की पळून जाईल ती."

दैवशालानं मान हलवली आणि काम घेतलं. शंभूला त्याचं नवल वाटलं. एरवी ती पहिल्या भेटीत कुणालाही होकार देत नसे.

कृष्णराजला सोडायला दोघं खाली आली. त्याची पांढरी जीप दवाखान्यासमोर उभी होती. ड्रायव्हरच्या सीटवर उन्हाच्या तापापासून बचावासाठी एक जुनी वाकळ अंथरली होती. धुऊन धुऊन रंग उडालेली, कडेला विरलेली. जीप हलेपर्यंत दैवशाला त्या सीटकडं बघत उभी राहिली.

"काय बघताय वहिनी?"

"कोपरे," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेरची वाट धरली. तुळजापूर मागं पडलं तेव्हा शंभूचा फोन पहिल्यांदा वाजला. कृष्णराज होता.

"निघालात का? मी धाराशिवला थांबलोय. सापडली की लगेच कळवा."

धाराशिवच्या पुढं फोन पुन्हा वाजला. शंभूनं तो गाडीच्या स्पीकरवर टाकला.

"एक विचारायचं राहिलं," तोच मऊ आवाज. "ती एकटी राहते का, तेवढं बघा. घरात कुणी बाप्या माणूस आहे का."

"बघतो की साहेब," शंभू म्हणाला आणि फोन ठेवून दैवशालाकडं वळला. "बिचारा लई हैराण झालाय."

दैवशाला खिडकीतून बाहेर बघत होती. रानं मोकळी होती, बांधावरची बाभळ धुळीनं माखलेली. मग तिनं स्वतःचा फोन काढून कुणाला तरी हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं. शंभूच्या कानावर फक्त शेवटचं वाक्य आलं: "चार वाजेपर्यंत नक्की सांगते. पण माणसं तयार ठेव."

तेरला ते कुरियरचं, बसप्पा नावाच्या माणसाचं दुकान बसस्टँडपासून जवळ होतं. वह्या, पेन, मोबाइलचे रिचार्ज आणि कोपऱ्यात कुरियरचं काउंटर. बसप्पा जाडजूड, कपाळाला भस्म लावलेला माणूस. शिवांजलीचं नाव निघताच त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

"तुमी कोन?"

"चौकशीला आलोय," शंभू पुढं सरसावला. "तुमच्या दुकानातून फसवणूक चाललीय, ठाव हाय का?"

"फसवणूक?" बसप्पा उसळला. "त्या लेकीची? अवो, लोक तिला फसवत्यात! एक जन म्हनतो रंग उडाला, एक म्हनतो वास येतो. आन् एक तर बेनं असलं हाय, रोज मला फोन. पत्ता सांगा, पत्ता सांगा. न्हाय सांगत म्हनलं तर म्हनतो, दुकान पेटवीन."

"आवाज कसा होता?" दैवशालानं विचारलं.

"गोड. पेटवीन म्हनतानाबी गोड."

"ती इथं येते का?"

"आधी येत हुती. शेवटच्या खेपेला पार्सल मीच काट्यावर ठेवलं, लई जड हुतं, चार वाकळी एकदम. त्याच्यानंतर यायची बंदच झाली. भ्याली असंल." तो एकदम सावध झाला. "घर मला ठाव न्हाय. आन् ठाव असतं तरी सांगितलं नसतं."

बाहेर आल्यावर शंभूनं दैवशालाला कोपऱ्यात घेतलं.

"वहिनी, माझं ऐका. ह्यो बसप्पा सामील हाय. पार्सल आलं की दोघं मिळून फाडत्यात, कचरा भरत्यात आन् परत लावून देत्यात. म्हणून तर तिची एवढी बाजू घेतोय."

"भावजी, तो काट्याबद्दल काय म्हणाला?"

"जड हुतं म्हणाला. मग?"

"काही नाही. चला, आता कडुनिंब बघत फिरू."

कडुनिंब गावात पुष्कळ होते. पण ज्याच्या सावलीला जुनी लुगडी धुऊन वाळत घातलेली होती, असा एकच निघाला, नदीकडच्या आळीला. दारात धुरपताबाई बसली होती. सत्तरी ओलांडलेली, ताठ पाठीची बाई. सुपात वाळलेला पाला निवडत होती.

"कोन पायजे?"

"शिवांजली," शंभू म्हणाला.

"हितं कुनी न्हाय तसली. म्या एकलीच."

"आज्जी, ही लुगडी?"

"माझी."

"एवढी?"

"एकेकाळी लई हौशी हुते म्या," म्हातारी डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली. "आता निघा."

आत कुठंतरी भांडं लवंडल्याचा आवाज झाला. मग एकदम चिडीचूप. कुणीतरी श्वास कोंडून उभं असावं अशी ती शांतता होती.

दैवशाला म्हातारीच्या शेजारी उंबऱ्यावर बसली आणि आतल्या अंधाराकडं तोंड करून बोलली.

"बाई, पांढऱ्या शर्टातला, गोड बोलणारा एक माणूस माझ्याकडं आला होता. तुमचा पत्ता मागायला. मी तो दिलेला नाही आणि देणार नाही. पण मी नाही दिला तर तो दुसऱ्या कुणाकडून तरी काढेल. आज ना उद्या. मला एकच सांगा, तो तुमचा कोण?"

शंभूनं तोंड उघडलं, तर दैवशालानं हातानं त्याला थांबवलं. मग आतून कडी निघाल्याचा आवाज आला आणि दार हातभर उघडलं.

दैवशाला आत गेली. दार पुन्हा लागलं. शंभू बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिला. म्हातारीनं त्याला पाणी दिलं, पण सुपातली नजर वर केली नाही. मध्येच त्याचा फोन वाजला. त्यानं तो उचलला नाही, आणि का उचलला नाही हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दैवशाला बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"भावजी, त्यांना फोन लावा. सांगा, बाई सापडली."

शंभू बघतच राहिला. "पण तुम्ही तर आत्ताच म्हणालात..."

"पत्ता मी सांगते तोच सांगायचा. नदीच्या अंगाला बंद पडलेली वीटभट्टी आहे, तिच्यामागची पत्र्याची खोली. म्हणावं, एकटीच राहते. बाप्या माणूस कुणी नाही. आम्ही उमरग्याला परत निघालो."

*

दिवस मावळतीला टेकला होता. पत्र्याच्या खोलीत दिवसभराची धग साठली होती. एका कोपऱ्यात बाज होती, तिच्यावर डोक्यापर्यंत वाकळ ओढून कुणीतरी झोपल्यासारखा उंचवटा केलेला. दैवशाला आणि शंभू दाराच्या आड, जुन्या पोत्यांच्या थप्पीमागं उभे होते. शंभूच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

जीपचा आवाज लांब, रस्त्यावरच बंद झाला. मग वाळलेल्या गवतावरून येणारी पावलं. पावलं दारापाशी थांबली. हाक आली नाही. कडी वाजली नाही.

दार हळूच लोटलं गेलं. कृष्णराज आत आला, बाजेकडं बघितलं आणि पाठमोऱ्या हातानं दार लावून आतून कडी घातली.

"नोटीस द्यायला आलेला माणूस आतून कडी लावत नाही," दैवशाला म्हणाली आणि तिनं दिव्याचं बटण दाबलं.

कृष्णराज गर्रकन वळला. त्याच्या उजव्या हातात, शर्टाच्या बाहीआड, उसाचा कोयता होता. क्षणभर त्याचा चेहरा उघडा पडला. मग तो हसला.

"मॅडम, तुम्ही? मला वाटलं, परत गेलात. हा कोयता होय, वाटेत कुत्री फार आहेत."

"खाली ठेवा तो."

हे दैवशाला बोलली नव्हती. मागच्या दारातून उपनिरीक्षक गायत्री आत आली होती, तिच्यामागं दोन शिपाई. विम्याच्या एका जुन्या प्रकरणात दैवशालानं तिला मदत केली होती. सकाळचा फोन तिलाच होता. कोयता जमिनीवर पडला. एका शिपायानं तो पायानं दूर सारला.

"हे काय चाललंय?" कृष्णराजचा आवाज अजून मऊच होता. "फसवणूक माझी झालीय. तक्रारदार मी आहे."

"तक्रारदार तुम्हीच, हे मात्र खरं," दैवशाला म्हणाली. "तक्रारी सगळ्या तुम्हीच केल्यात. भावजी, तुमच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः लिहिलेलं कुठल्या बाजूला दिसतं?"

शंभूनं फोन काढून बघितला. "उजव्या. हिरव्या रंगात."

"आणि समोरच्यानं वाचलं की?"

"आपल्या लिहिण्याखाली दोन निळ्या खुणा येत्यात." तो बोलता बोलता थबकला. "समोरच्याच्या लिहिण्याखाली येत न्हाईत."

"यांनी आणलेल्या कागदांवर तक्रारी उजवीकडं होत्या, निळ्या खुणांसकट. म्हणजे ज्या फोनवरून ते छापलं, त्याच फोनवरून त्या तक्रारी गेल्या. 'तोंड दिसलं पाहिजे', 'गाव कोणतं', 'किती दिवस लपणार', हे गिऱ्हाइकानं यांना लिहिलेलं नाही. यांनी लिहिलंय. खोटं बोलणारा शब्द जपून वापरतो, कागदाच्या उजव्या-डाव्याकडं त्याचं लक्ष जात नाही."

"म्हणजे..." शंभू म्हणाला.

"म्हणजे विकणारी ती. त्रास देणारं गिऱ्हाईक हे."

कृष्णराजची नजर बाजेवरच्या वाकळीवर होती.

"पण त्या कागदांइतकंच मला आणखी एक खटकलं होतं," दैवशाला पुढं म्हणाली. "'मला बघितलं की पळून जाईल,' असं हे म्हणाले. ऑनलाइन विकणाऱ्याचं तोंड गिऱ्हाइकानं कधी पाहिलेलं असतं का? भावजी, तुमची बाटली पाणी भरून परत पाठवणारा उद्या समोर आला तर तो तुम्हाला ओळखेल?"

"न्हाय. म्याबी त्याला न्हाय."

"ती यांना ओळखते. आणि घाबरते."

"ती वाकळ परत आली होती," कृष्णराज म्हणाला. "फाटलेली. तुम्ही बघितलीत."

"बघितली. महिनाभर वापरलेल्या वाकळीच्या घड्या एवढ्या कडक नसतात. काप घडीतूनच आरपार गेला होता आणि आतली पानं त्याच पात्यानं कापली गेली होती. ज्यानं कापली त्यानं ती उलगडलीही नव्हती. पान मी हुंगलं, कडुनिंबाचं होतं. कसर लागू नये म्हणून शिवणारी बाई ते घडीत घालते. आठ महिने वाकळी विकणारा माणूस स्वतःच्या मालातल्या पाल्याला कचरा म्हणेल? वाकळ परत आलीच नव्हती. ती तुमच्याकडं पहिल्यांदाच आली होती. पिशवीवरची चिठ्ठी तुम्ही खरवडलीत ती त्यासाठीच. पाठवणारी ती आणि घेणारे तुम्ही, हे त्यावर लिहिलेलं होतं."

ती शंभूकडं वळली. "राहिली असलीच शंका, तर ती बसप्पानं संपवली. पार्सल काट्यावर कधी ठेवतात?"

शंभूनं कपाळावर हात मारला. "पाठवताना. आलेलं पार्सल कोन जोखतंय?"

"ती पार्सलं नेत नव्हती, आणून देत होती. आणि तुम्ही त्या बिचाऱ्याला चोर ठरवून मोकळे झालात."

शंभू खाली बघू लागला.

"राहता राहिला एकच प्रश्न," दैवशाला म्हणाली. "हा माणूस हिला ओळखतो कुठून? त्याचं उत्तर यांच्या जीपच्या सीटवर होतं. कितीतरी वर्षांपूर्वी शिवलेली, रंग उडालेली वाकळ. तिच्या कोपऱ्यांवर तेच त्रिकोण, आतला उलटा. असला कोपरा मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही. नवी वाकळ आणि ती विरलेली वाकळ एकाच हातची. म्हणजे हे हात एकेकाळी यांच्याच घरात होते. यांनी ऑनलाइन फोटोत तो कोपरा पाहिला आणि ओळखला. मग वाकळी मागवत गेले, तक्रारी करत गेले, म्हणजे ती चिडून तरी तोंड दाखवेल, गावाचं नाव सांगेल. तिनं फोन बंद केला, तेव्हा माझ्याकडं आले. आणि धाराशिवातून फोन करून विचारलं, घरात बाप्या माणूस आहे का. नोटीस देणाऱ्याला त्याचं काय करायचं असतं?"

"घरचं भांडण आहे," कृष्णराज गायत्रीला म्हणाला. "बाई घरातून निघून गेलीय. डोक्यानं थोडी कमी आहे. आम्ही शोधायला नको?"

मागच्या दारात सावली हलली. धुरपताबाईचा हात धरून ती आत आली. तिशीतली बाई, साधी सुती साडी, बोटांना सुईचे घट्टे. ती सरळ दिव्याखाली येऊन उभी राहिली.

कृष्णराजनं तिच्याकडं बघितलं. अगदी मायेनं म्हणाला, "वहिनी, घरी चला. आई वाट बघते."

तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ती गायत्रीकडं बघत होती.

"त्या दिवशीबी हेच म्हणाले होते," ती बोलली. "हेच शब्द. ज्वारी काढणीला आली होती, मी उभ्या ताटांत होते. धनी आन् हे विहिरीच्या कडंला भांडत होते. पवनचक्कीवाल्यांना रान द्यायचं का न्हाय त्याच्यावरनं. धनी न्हाय म्हणाले आन् वळले. ह्यांनी मागनं दोन्ही हातांनी ढकललं. मग वाकून आत बघितलं. किती वेळ बघत होते. मान वर केली तर समोर मी. तवा हसून म्हणाले, 'वहिनी, घरी चला.'"

गायत्रीनं खिशातली वही काढली.

"मी रानातनंच पळाले. अंगावरच्या कापडानिशी. भूमच्या स्टँडवर दिसंल त्या एसटीत बसले. माहेरी गेले असते तर बापानं परत आणून घातली असती. घर मोठं, नाव मोठं. सगळ्यांनी म्हटलं, पाय घसरला. पंचनाम्यातबी तेच."

"एसटीत माझ्या शेजारी हुती," धुरपताबाई म्हणाली. "रडतबी नव्हती. नुसती थरथर. म्या इचारलंच न्हाय काय. म्हनलं, चल. गावाला सांगितलं, भाची हाय."

"तुमचा जबाब घ्यावा लागेल," गायत्री हळूच म्हणाली. "न्यायाधीशांसमोर पुन्हा सांगावं लागेल. हे लोक वकील लावतील, तुम्हाला खोटं पाडायला बघतील. तयारी आहे?"

तिनं मान डोलावली.

"नाव सांगा."

तेरला आल्यापासूनच्या तीन वर्षांत तिनं ते नाव कुणाला सांगितलं नव्हतं. म्हातारीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सोनाली," ती म्हणाली. मग मोठ्यानं, कृष्णराजच्या तोंडावर बघत, "सोनाली बब्रुवान गाढवे. बब्रुवानची बायको."

*

कृष्णराजच्या फोनमध्ये सगळ्या गप्पा जशाच्या तशा सापडल्या, कापलेल्या पट्टीसकट. जीपच्या मागच्या बाजूला नवी ताडपत्री आणि दोरी होती. त्यानं ती शेतासाठी घेतल्याचं सांगितलं. प्रकरण कोर्टात उभं राहिलं आहे, आणि अशी प्रकरणं चालतात तसं ते चाललं आहे. सोनाली तारखांना जाते. सोबत धुरपताबाई जाते आणि कोर्टाच्या ओट्यावर पाय पसरून बसते.

त्या रात्री तेरहून परतताना, तुळजापूर मागं पडल्यावर शंभूनं गाडीचा वेग कमी केला.

"वहिनी," तो म्हणाला, "आपण खरा पत्ता दिला असता तर?"

"दिला नाही."

"पण कागद उलटे नसते तर? वाकळ सीटवर नसती तर?"

दैवशालानं खिडकीची काच खाली केली. समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे तिच्या चेहऱ्यावरून सरकत राहिले.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, कचेरीत एक माणूस आला. पन्नाशीचा, टापटीप, हातात मिठाईचा पुडा. त्यानं खिशातून एका तरुण मुलीचा फोटो काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, पुतणी आहे, हैदराबादकडं कुठंतरी नोकरी करते म्हणतात, घरच्यांना काळजी लागून राहिली आहे. फक्त पत्ता मिळाला की झालं.

शंभूनं सवयीनं पेन उचललं. दैवशालानं फोटो उचलला नाही, नुसता पाहिला.

"पत्त्याचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी मला सांगा, ती घर सोडून का गेली?"

त्या माणसानं तिच्याकडं बघितलं, मग शंभूकडं. फोटो खिशात ठेवला, मिठाईचा पुडा उचलला आणि जिना उतरून निघून गेला.